न दुखणारी पाठ

माझी पाठ आयुष्यात कधी दुखली नाही. बाळंतपणातसुद्धा नाही. तरी त्या वर्षी इंदापुरात मला ओळखणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं, तर तिने हळहळून सांगितलं असतं, "पाठीचा लई तरास हाय त्यांना." कुणी म्हणायचं मणक्यात गॅप आहे, कुणी म्हणायचं नस दबलीये. एकीने तर माझ्याच तोंडावर मला सांगितलं होतं की माझी चकती सरकलेली आहे, आणि मी मान डोलावली होती. ही पाठ आमच्या घरात तयार झाली. सासूबाईंनी ती बोलून उभी केली, नवऱ्याने तिला दवाखाना शोधून दिला आणि मी ती वर्षभर वाहिली.

खरं दुखणं वेगळं होतं. माहेरी, सुप्याला, माझी आई गेली. तेराव्यापर्यंत सगळं मीच बघितलं. आल्यागेल्याला चहा दिला, भावजयीला डबे कुठले कशाचे ते दाखवलं, आईच्या साड्या वाटल्या. लोक म्हणाले, लेक खंबीर आहे हो. मलाही तसंच वाटलं. परत आले, कामाला लागले. मग दिवाळी उलटून गेल्यावर एका दुपारी मेथी निवडायला बसले आणि हात थांबला. जुडी मांडीवर, देठ बोटांत, आणि पुढं काही होईना. रडू येत नव्हतं. मेथी निवडायची आहे हे पक्कं माहीत होतं, पण बोटं हलवायला जे काही लागतं ते माझ्याजवळ उरलंच नव्हतं. सासूबाई दारात आल्या. बराच वेळ माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एरवी एवढ्यात दहा शब्द ऐकवले असते. त्या दिवशी एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या मांडीवरची जुडी उचलली आणि आत नेली.

त्यानंतर झोप गेली, मग चव गेली. मुलगी शाळेतून येऊन माझ्यासमोर उभी राहायची आणि तिला काहीतरी विचारायचं असतं हे मला आठवायचं नाही. नवरा लोणी देवकरच्या कारखान्यात शिफ्टला जायचा, परत यायचा, मला त्याच जागी बसलेली बघायचा. "तुला कमी काय आहे?" हे त्याने विचारलं, नणंदेने विचारलं, सुप्याहून फोनवर भावाने विचारलं. मला त्या प्रश्नाची अजूनही चीड आहे. नोकरी पर्मनंट, घर स्वतःचं, पोरगी हुशार, हे सगळं मलाही मोजता येत होतं. काही कमी असतं तर बरं झालं असतं, निदान त्याच्याकडे बोट दाखवता आलं असतं.

शेवटी नवऱ्याने रजा टाकली आणि मला बारामतीला न्यायचं ठरवलं. इंदापुरात नको, कारण इंदापुरात कोण कुठल्या दवाखान्याच्या पायऱ्या चढलं हे माणूस उतरायच्या आधी घरी पोचतं. बारामतीतली ती इमारत त्याने फार विचार करून निवडली होती. खाली मेडिकल, पहिल्या मजल्यावर हाडांचा डॉक्टर, दुसऱ्या मजल्यावर मनाची डॉक्टर. जिना एकच. जिन्यात कुणी ओळखीचं भेटलंच तर हाडं दाखवायला आलोय म्हणायचं. डॉक्टरीणबाईंचं शिक्षण काय, अनुभव किती, हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. जिना चांगला होता म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलो.

ह्या सगळ्यामागे नणंदेचं लग्न होतं. तिला स्थळं येत होती. सासूबाईंनी आम्हाला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं, "पोरीचं लगीन जमंस्तवर ह्यातलं बाहेर जाता कामा न्हाय. पाठ दुखती म्हनायचं. पाठ कुनाची दुखत न्हाय?" मग त्यांनी माळ्यावरून सासऱ्यांचा एक्स-रे काढून दिला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. ते कधीतरी मोटरसायकलवरून पडले होते तेव्हाचा, खुब्याचा. भलंमोठं पाकीट, नाव लिहिलेली बाजू आत धरायची. अशी मी मेलेल्या सासऱ्यांचा खुबा छातीशी धरून मनाच्या डॉक्टरकडे चढले. आज लिहिताना हसू येतं. त्या दिवशी एकेक पायरी डोंगरासारखी वाटत होती.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाल्या, स्वतःच्या मनाने बंद करू नका असं दोनदा बजावलं. आणि म्हणाल्या, "सकाळी घराबाहेर पडा. चालणं, योगासनं, जे जमेल ते करा, पण चार माणसांत करा. गोळीला त्याची साथ होते. गोळीऐवजी नाही हं, गोळीच्या जोडीला." माझ्या नवऱ्याच्या कानांनी ह्यातला एकच शब्द उचलला. घरी येऊन त्याने सासूबाईंना सांगितलं, "योगा करायला सांगितलाय." सासूबाईंचा चेहरा उजळला. योगा म्हणजे सांगण्यासारखी गोष्ट होती. पाठीला तो शोभूनही दिसत होता.

आमच्याजवळच्या मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सकाळी बायकांचा वर्ग भरायचा. लग्नसराईत आदल्या दिवशीच्या मठ्ठ्याचा वास असायचा आणि कोपऱ्यात खुर्च्यांच्या चळती. शिकवणाऱ्या मॅडमच्या घरचं बाजारात बांगड्यांचं दुकान. त्या पुण्याला जाऊन योगाचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. रमजानमध्ये रोजा धरून शिकवायच्या, आवाज कोरडा पडायचा, पण वर्गाला सुट्टी नाही. त्यांच्याकडे माझं नाव घालायला सासूबाई स्वतः आल्या. त्यांनी माझी पाठ अशी काही रंगवून सांगितली की क्षणभर माझ्याच कमरेत कळ आल्यासारखी वाटली. कधीपासून दुखते, कुठून निघते, कुठं जाते, वाकलं की काय होतं, बसलं की काय होतं. मॅडम गंभीर झाल्या. म्हणाल्या, "मग पुढं वाकायचं अजिबात नाही. मी सांगेन तेवढंच करायचं."

झालं. वर्गभर बायका सूर्यनमस्कार घालायच्या आणि मी, माझ्यात नसलेल्या दुखण्याची काळजी घेत, भिंतीला टेकून एकेक पाय उचलायची. मॅडम शवासनात माझ्या गुडघ्यांखाली आठवणीने चादरीची घडी सरकवायच्या. शेजारच्या चटईवर एक निवृत्त शिक्षिका असायच्या, माहेर निरवांगीचं. त्यांनी माहेरच्या बांधावरची निरगुडी आणून, तेलात कढवून मला बाटली भरून दिली. "रोज चोळा. माज्या आईनं ह्याच्यावर म्हातारपन काढलं." मी घरी येऊन ते तेल मोरीत ओतायची, आणि पुढच्या आठवड्यात त्या आणखी एक बाटली आणायच्या.

शवासनात मला रडू यायला लागलं. इतके महिने न आलेलं रडू तिथं, मठ्ठ्याच्या वासात, डोळे मिटले की यायचं. कानात पाणी जायचं. शिक्षिकाबाई लगेच कुजबुजायच्या, "कळ आली का?" मी "हो" म्हणायची. मग त्या हात लांब करून माझी कंबर दाबायच्या. त्या हाताची माया खरी होती आणि जागा चुकीची होती. असं वर्षभर.

तरी मला ते लागू पडलं, हे मान्य केलं पाहिजे. योगाबद्दल मोबाइलवर हसऱ्या चेहऱ्याची माणसं बोलतात तसं मात्र नाही. त्यांची मनं म्हणे शांत होतात, आतून उजेड वगैरे पडतो. माझं मन शांत झालं नाही, उजेडही पडला नाही. झालं ते एवढंच की सकाळी उठायला एक निमित्त मिळालं. अंथरुणातून उठून केस बांधून चप्पल घालायची, हे जे माझ्याच्याने होत नव्हतं, ते मॅडम वाट बघत असतील म्हणून व्हायला लागलं. मॅडम म्हणायच्या, "श्वास सोडताना घाई करू नका. आत्ता घरून कुणी हाका मारत नाहीये." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं होतं. लग्न झाल्यापासून मला कुणीही हाका मारत नाहीये, असा तो पहिलाच तास होता. गोळ्यांनी बुडणं थांबवलं, त्या तासाने पायाखाली थोडी जमीन दिली. एक दिवस घरी परतताना कोपऱ्यावरच्या गाड्यावरून भज्यांचा वास आला आणि मला भूक लागली. मी तिथंच उभी राहून भजी खाल्ली. मग हळूहळू राग यायला लागला. लहानसहान गोष्टींचा, नवऱ्याच्या ओल्या टॉवेलचा, नणंदेच्या फोनचा. लोकांना योगाने शांती मिळते, मला माझा राग परत मिळाला, आणि तो बघून मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

पण पाठीचं काय करायचं? ती तर पहिल्यापासून धडधाकट होती, त्यात वर्षभराचा व्यायाम. मॅडमनी एकेक बंधन सैल केलं. एका सकाळी त्यांनी मला पुढं बोलावलं आणि सगळ्यांसमोर चक्रासन करायला लावलं. मी उताणी झोपले, हात मागं टेकवले आणि उचललं अंग. कमान झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. "भिंतीला टेकून बसणारी बाई बघा," मॅडम म्हणाल्या. शिक्षिकाबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की हे निरगुडीचं काम आहे.

दुपारच्या आत ही बातमी आमच्या घरी आली.

"कमान टाकलीस म्हनं," सासूबाई म्हणाल्या.

"हो."

"मग झालं की. पाठ बरी झाली. आता कशाला जायचं तितं?"

मला वाटलं थट्टा करतात. घरात त्या वेळी आम्ही दोघीच होतो, आणि माझी पाठ ज्या तोंडातून जन्माला आली तेच तोंड समोर होतं. पण त्या हसत नव्हत्या. रात्री जेवताना नवऱ्याला त्यांनी तेच सांगितलं, आणि तोही म्हणाला, "चला, एक काम झालं." पुढच्या महिन्यात बारामतीला जायची वेळ आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हाडाच्या डॉक्टरकडं आता काय काम हाय?" त्यांनी एक्स-रे परत माळ्यावर टाकून दिला. मी नवऱ्याला एकटं गाठून म्हणाले, "अहो, गोळ्या पाठीच्या नव्हत्या." तो म्हणाला, "माहीत आहे गं मला. पण आता बरी दिसतीयेस ना? आणि ह्या महिन्यात पाहुणे येणारेत माझ्या बहिणीला बघायला." वर्षभर चार माणसांनी एक खोटं इतक्या मन लावून सांभाळलं होतं की बाहेरच्यांना फसवता फसवता आम्हीच त्याच्यात राहायला गेलो होतो.

कुणी म्हणेल, तू का गप्प बसलीस, एसटी होती, पाय होते. ज्यांना हा आजार झालेला नाही तेच हे विचारतात. भांडायला जे बळ लागतं तेच ह्या आजारात सगळ्यात आधी जातं. गोळ्या संपल्या, वर्ग सुटला, आणि माझं नुकतंच परत आलेलं चिडणं पुन्हा विझायला लागलं. ओला टॉवेल पलंगावर पडलेला दिसायचा आणि काही वाटायचं नाही. मग एका सकाळी मुलीची वेणी घालताना हात थांबला. पेड हातात तसेच. पोरगी रिबीन धरून उभी. थोड्या वेळाने तिने मागं न बघता रिबीन खाली ठेवली आणि उरलेली वेणी स्वतःच घालून ती शाळेत गेली. तिला हे आधीचं माहीत होतं. मी घाबरले. मेथीच्या वेळी घाबरले नव्हते, कारण पुढं काय असतं ते तेव्हा ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. मी त्याला चहा दिला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि म्हणाले, "मला परत तसं व्हायला लागलंय."

त्याने कप खाली ठेवला. चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"पाठ?" तो म्हणाला.

दार बंद होतं. ऐकायला कुणी नव्हतं. मला अस्सा संताप आला. मी त्या संतापाचे उपकार मानते. त्यानेच मला दुसऱ्या दिवशी सकाळी उठवलं, चटई काखेत मारायला लावली आणि मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये नेऊन उभं केलं.

वर्ग सुरू व्हायचा होता. बायका गप्पा मारत होत्या. मी उभ्या उभ्याच म्हणाले, "मॅडम, माझी पाठ कधी दुखलीच नाही. मला मनाचा आजार आहे. बारामतीला गोळ्या चालू होत्या. घरच्यांनी पाठ सांगायला लावली." एवढं बोलायला मला वर्ष लागलं होतं, आणि ते चहाच्या घोटाएवढ्या वेळात संपलं.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. त्या रागावल्या होत्या आणि त्यांचा राग रास्त होता. "मी तुम्हाला वर्षभर त्या पाठीसाठी शिकवलं," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून इतका वेळ निजवलं. तुम्ही रडायचात, मला वाटायचं दुखतंय. खरं सांगितलं असतं तर निजवलंच नसतं तुम्हाला. उभं ठेवलं असतं, डोळे उघडे ठेवायला लावले असते." मग म्हणाल्या, "बसा. नाही, बसू नका. उभ्याच राहा." त्या दिवसापासून त्यांनी मला ताडासनात, खिडकीबाहेर बघत श्वास घ्यायला शिकवलं.

शिक्षिकाबाईंनी विचारलं, "मग माजं त्याल?" दुसऱ्या दिवशी त्यांची चटई हॉलच्या दुसऱ्या टोकाला होती. त्यांची एकटीचीच नाही. माझ्या दोन्ही बाजूंना इतकी जागा मोकळी झाली की मी हात पसरून कुठलंही आसन करू शकले असते. ज्या बायका न दुखणाऱ्या कमरेसाठी घरून तेल कढवून आणत होत्या, त्यांना खऱ्या दुखण्याला हात लावायची भीती वाटत होती. वेड तसं चटईवरून चटईवर जात नाही, पण कुणी सांगावं, असं त्यांच्या तोंडावर दिसायचं. मी जात राहिले. मोकळ्या जागेत हवा चांगली लागते.

घरी वादळ होईल असं मला वाटलं होतं. नणंद माझ्याशी बोलेनाशी झाली. नवरा खाली मान घालून जेवायचा. (नणंदेचं लग्न नंतर जमलं, पुण्याला. त्या लोकांनी माझ्या पाठीबद्दलही विचारलं नाही आणि डोक्याबद्दलही नाही. एवढं सगळं कुणासाठी केलं, हे आजवर मला कळलेलं नाही.) आणि सासूबाईंचे गुडघे धरले.

हे गुडघे आमच्या घरात माझ्याआधीचे. मी लग्न होऊन आले तेव्हाच मला सांगितलं गेलं होतं की त्यांचे गुडघे धरले की त्या मागच्या खोलीत निजून असतात, तेव्हा दार वाजवायचं नाही. कधी चार दिवस, कधी महिनाभर. जेवण दाराशी ठेवायचं, बहुतेक वेळा ते तसंच परत यायचं. मग एक दिवस उठायच्या, न्हायच्या, आणि कुरडया घालायला तरातरा गच्चीवर चढून जायच्या. त्यांचे गुडघेही त्यांच्यासारखेच लहरी आहेत, असं मी सुप्याला सांगून आईला हसवायची.

ह्या वेळी त्या आठवडाभराने बाहेर आल्या. मी बारामतीला निघाले होते, एकटीच, कुणाला न विचारता. चप्पल घालत होते तर त्या लुगडं बदलून दारात उभ्या.

"मी बी येती. गुडघं दाखवायचं हायत."

माझ्या उपचारांवर बोळा फिरवणाऱ्या बाईशी वाटेत काय बोलायचं? एसटीत त्या खिडकीशी बसल्या. मांडीवर ते पाकीट होतं, सासऱ्यांचा खुबा. नाव लिहिलेली बाजू आत.

इमारतीचा जिना त्या कठडा धरून चढल्या. पहिला मजला आला. हाडांच्या डॉक्टरांचं दार उघडं होतं, बाकांवर म्हातारी माणसं बसलेली. मी थांबले. म्हटलं, "आत्या, इथं." त्यांनी त्या दाराकडे बघितलंसुद्धा नाही. पाकीट दुसऱ्या काखेत घेतलं आणि वरच्या जिन्याला लागल्या. गुडघे अजिबात कुरकुरले नाहीत.

मी खालीच उभी होते. मेथी डोळ्यांपुढं आली. दारात उभं राहून इतका वेळ माझ्याकडे बघणं आणि मग एक शब्द न बोलता जुडी उचलणं. त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. माझ्या नवऱ्याला कळायच्या आधी, मला कळायच्या आधी.

मी दुसऱ्या मजल्यावर त्यांना गाठलं. "कधीपासून?" मी विचारलं.

"तुजा नवरा जलमला तवापासनं," त्या म्हणाल्या. बोलताना त्या दारावरची पाटी बघत होत्या.

"एवढं ठाऊक होतं, तर माझ्या गोळ्या का बंद केल्या?"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला कुनी दिल्या व्हत्या?" त्या म्हणाल्या.

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. राग आला, त्यांचा आणि त्यांना त्या खोलीत निजू देणाऱ्या सगळ्यांचा, आणि तो अजून गेलेला नाही. मी दार ढकललं आणि आत नंबर लावणाऱ्या मुलीला दोघींची नावं सांगितली.